पाण्याचा हिशेब कोणी लिहायचा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने काँक्रीटवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या सरांनाही वाटले. "तुझा विषय जमाखर्चाचा. हे सिमेंटचे खूळ कुठून काढलेस?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "सर, हाही जमाखर्चच आहे. फक्त यात एक नोंद कोणीच करीत नाही, ती पाण्याची." सर हसले आणि म्हणाले, "मग लिही." म्हणून हे धाडस केले आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी चुका पोटात घालाव्यात आणि भेटल्यावर जरूर सांगाव्यात.

माझे वडील गवंडीकाम करतात. शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत लहान घरांची कामे घेतात. शाळेत असल्यापासून सुटीत मी त्यांच्याबरोबर साइटवर जात आलो. माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड मी गल्लीत खेळताना शिकलो आणि पुढे वर्गात पक्की केली. इंग्रजीशी खरी गाठ पडली ती कॉलेजात आल्यावर. पण घरात 'शिकलेला' मीच. त्यामुळे बिले करणे, मजुरीची वही ठेवणे आणि कुठलाही इंग्रजी कागद वाचून दाखवणे ही कामे आपोआप माझ्याकडे आली. या शिकलेपणाचा मला थोडा अभिमानही होता. तो कसा उतरला, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका निवृत्त शिक्षकांच्या घराचा स्लॅब होता. आदल्या दिवशी इंजिनिअरसाहेब सळया तपासून गेले आणि जाताना एक निळा कॅन ठेवून गेले. "मालात हे औषध घाला, काम सोपे जाईल, कॅनवर सगळे लिहिले आहे," एवढे म्हणून त्यांची गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मिक्सर सुरू झाला. बाबांनी कॅन माझ्यापुढे धरला. "बघ रे जरा, काय लिवलंय त्यावर."

कॅनवर सगळा मजकूर इंग्रजीत होता. पहिली ओळ मला चटकन कळली. औषध सिमेंटच्या वजनाच्या अर्धा ते दीड टक्का घालावे. टक्केवारी हा तर आमचा रोजचा विषय! पोते ५० किलोचे, एक टक्का धरला तर पोत्याला ५०० ग्रॅम. मी ऐटीत आकडा सांगितला. त्याखाली दुसरी ओळ होती. पाण्याचे प्रमाण कमी करून हवा तेवढा 'स्लम्प' साधावा, अशा अर्थाची. आता स्लम्प हा शब्द मला माहीत होता तो अर्थशास्त्राच्या तासाचा. स्लम्प म्हणजे बाजारातली मंदी! सिमेंटच्या कॅनवर मंदीचे काय काम, ते मला कळेना. मी ती ओळ सोडून दिली. तेवढ्यात मिक्सरवाल्या काकांनी विचारले, "नीर एष्ट हाकली, तम्मा?" म्हणजे पाणी किती घालू? ते बैलहोंगलकडचे, त्यांना मराठी समजते पण बोलतात कन्नडच. मी कन्नडमध्ये उत्तर दिले, "नेहमीइतकेच घाला, काका."

नेहमीइतके म्हणजे पोत्याला तेलाचे दोन डबे. औषध पडले, पाणीही पूर्ण पडले, आणि माल ताकासारखा पातळ झाला. सुरुवातीला सगळे खूष. बुट्ट्या भराभर जात होत्या, माल आपोआप पसरत होता. बाबांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. थोड्याच वेळात सेंट्रिंगच्या फटींतून सिमेंटचे पाणी गळू लागले. खडी खाली बसली, वर पाणी सुटले. औषध घातलेला तो सगळा भाग रात्रीपर्यंत आवळलाच नाही. बाबा रात्रभर तिथे बसून होते. पुढे सेंट्रिंग काढले तेव्हा एका तुळईच्या तळाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नुसती खडी दिसत होती, आणि जूनच्या पहिल्या पावसात कोपऱ्यातून पाणी झिरपले. घरमालक सज्जन, ते काही बोलले नाहीत. बाबांनी स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून दिली. तो खर्च वहीत मीच लिहिला, 'इतर खर्च' या सदरात. खरे तर तिथे 'एक ओळ न वाचल्याबद्दल' असे लिहायला हवे होते.

यानंतर मी इंजिनिअरिंगच्या एका मित्राला गाठले आणि त्याच्या प्रयोगशाळेत जाऊन स्लम्प म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिले. ३० सेंटीमीटर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला पत्र्याचा एक साचा असतो. त्यात ओला माल ठासून भरायचा आणि साचा अलगद वर उचलायचा. माल जितका खाली बसेल तितका त्याचा स्लम्प. घट्ट माल उभा राहतो, पातळ माल बसतो. एवढी साधी गोष्ट! ती ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी कॅनवरची ओळ पुरेशी आहे. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ती नसल्यासारखीच.

आता हे औषध करते तरी काय? सिमेंटचे कण अतिशय बारीक असतात. पाण्यात पडले की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके बनतात. या पुंजक्यांच्या पोटात बरेचसे पाणी अडकून पडते. ते पाणी आहे, पण माल सैल करायच्या कामाचे नाही, जसे तिजोरीत अडकलेले भांडवल. म्हणून माल घट्ट वाटतो आणि आपण आणखी पाणी ओततो. औषधातले लांब रेणू सिमेंटच्या कणांवर जाऊन बसतात आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. पुंजके फुटतात, अडकलेले पाणी मोकळे होते, आणि कमी पाण्यातही माल वाहू लागतो. हे रेणू म्हणजे पॉलिमर, ज्याला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'बहुवारिक' म्हणत होतो.

दूर ठेवण्याच्या पद्धती दोन. जुन्या जातीची औषधे कणांवर सारखाच विद्युतभार आणतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण वेगळे राहतात. नव्या जातीचे रेणू कंगव्यासारखे असतात. कंगव्याचा कणा सिमेंटच्या कणाला चिकटतो आणि दाते बाहेर पाण्यात पसरतात. जुलैच्या पावसात आपल्या गणपत गल्लीतून जाताना काय होते ते आठवा. प्रत्येकाच्या हातात उघडी छत्री, त्यामुळे मनात असूनही कोणी कोणाला खेटू शकत नाही. सिमेंटच्या प्रत्येक कणाच्या हातात छत्री देणे, एवढेच हे औषध करते.

याचा इतिहासही मनोरंजक आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्रॅम्स यांनी असंख्य चाचण्या करून एक नियम मांडला. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, पाणी वाढले की ताकद घटते. म्हणजे पाणी किती नको हे कळले, पण कमी पाण्यात माल हलवायचा कसा हा प्रश्न उरलाच. १९३० च्या दशकात कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांतून वाया जाणाऱ्या द्रवातले लिग्नोसल्फोनेट त्यासाठी वापरात आले. त्याने पाण्यात साधारण ५ ते १० टक्क्यांची बचत होई. १९६० च्या दशकात जपानमध्ये नॅफ्थॅलीनपासून आणि पश्चिम जर्मनीत मेलामाईनपासून अधिक जोरकस औषधे तयार झाली. त्यांना सुपरप्लास्टिसायझर म्हणतात. १९८० च्या दशकात जपाननेच कंगव्यासारख्या रेणूंची पॉलिकार्बोक्सिलेट जात आणली. ती पाण्याची गरज ३० टक्के, कधी त्याहूनही जास्त कमी करू शकते.

त्याच दशकात, १९८६ साली, टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक हाजिमे ओकामुरा यांनी स्वतःहून पसरणाऱ्या, व्हायब्रेटरची गरज नसलेल्या काँक्रीटची कल्पना मांडली. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. जपानमध्ये कुशल कामगार कमी होत चालले होते, माल नीट ठासला जात नव्हता आणि त्यामुळे बांधकामे लवकर खराब होत होती. या विचारातून आलेले काँक्रीट १९९८ साली खुल्या झालेल्या आकाशी काइक्यो या प्रचंड झुलत्या पुलाच्या दोन्ही टोकांच्या नांगरठोकळ्यांत वापरले गेले. दुबईची बुर्ज खलिफा २०१० साली उघडली. तिच्या बांधकामात काँक्रीट पंपाने ६०० मीटरहून अधिक उंचीवर चढवले गेले. अशा औषधाशिवाय ते नळीतच अडकले असते.

हे झाले परदेशचे. पण चुन्यामालात काहीतरी मिसळण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालीत. तेव्हा "आमच्या आज्यांनी असली औषधे कधी घातली नाहीत" असे म्हणणाऱ्यांनी आपल्या आज्यांना नीट विचारलेले दिसत नाही!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. साइटवर पाणी जास्त का पडते? इंजिनिअर म्हणतात, मजूर आळशी. मला हे मान्य नाही. मी बुट्टी उचलली आहे. घट्ट माल फावड्याने ओढताना खांदे निघतात. सळयांच्या दाटीत तो उतरत नाही, काठीने कोचावा लागतो. मजुरी ठरते ती स्लॅबवर किंवा दिवसावर, घामावर नाही. अशा वेळी हाताशी असलेली, काम हलके करणारी आणि फुकट मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे पाणी. पाणी हे गरिबाचे सुपरप्लास्टिसायझर आहे. दगड फोडून केलेली वाळू, जिला सगळे एम-सँड म्हणतात, ती आल्यापासून तर पाण्याची गरज आणखी वाढली आहे, कारण तिचे कण नदीच्या वाळूसारखे गोल नसतात. रेडीमिक्सची गाडी वाहतुकीत अडकली की तिच्यातही शेवटी पाणीच ओततात.

पण हे पाणी खरोखर फुकट आहे का? सिमेंटशी रासायनिक संयोग व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश पाणी लागते, म्हणजे पोत्याला सुमारे १२ लिटर. घट्ट होताना सिमेंटच्या सूक्ष्म पोकळ्यांत धरून ठेवले जाणारे पाणी मोजले तरी आकडा २० लिटरच्या आसपास थांबतो. आमचे दोन डबे म्हणजे ३३ लिटर, गुणोत्तर ०.६६. भारतीय मानक संस्थेच्या २००० सालच्या आय. एस. ४५६ मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी सौम्य हवामानातही ०.५५ आणि मध्यम हवामानात ०.५० ही कमाल मर्यादा दिली आहे. ०.५० म्हणजे पोत्याला २५ लिटर. वरचे आठ लिटर कुठे जातात? ते उडून जातात आणि आपल्या जागी बारीक छिद्रे ठेवून जातात. अब्रॅम्स यांच्या नियमाने हिशेब केला तर ०.५० वरून ०.६५ वर गेल्याने ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. शिवाय त्या छिद्रांतून हवा आणि पाणी सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते, गंजल्यावर फुगते, आणि छताचे पोपडे पडू लागतात.

कॉस्टिंगमध्ये आम्हाला घसारा शिकवतात. यंत्र वापरू लागलो की त्याचा घसारा सुरू होतो. जास्त पाणी ओतलेल्या घराचा घसारा ते वापरात येण्याआधीच, मिक्सरमध्येच सुरू होतो. फरक इतकाच, की हा घसारा ठेकेदाराच्या वहीत येत नाही, मजुराच्या येत नाही, दुकानदाराच्या तर नाहीच. पंधरा-वीस वर्षांनी घरमालकाला तो भरावा लागतो, तोही 'वॉटरप्रूफिंग' या दुसऱ्याच नावाखाली. औषधाची किंमत बिलात दिसते म्हणून ते महाग वाटते. पाण्याची किंमत बिलात दिसत नाही म्हणून ते स्वस्त वाटते. माझा मुद्दा हाच आहे. औषध महाग नाही, आपली वही अपुरी आहे.

एक साधा हिशेब मांडून दाखवतो. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३७० किलो सिमेंट आणि १८५ लिटर पाणी आहे असे धरू. गुणोत्तर ०.५०. औषधाने पाण्यात १५ टक्के बचत झाली तर पाणी लागेल १५७ लिटर. तेच गुणोत्तर ठेवले तर सिमेंट ३१४ किलो पुरते. म्हणजे घनमीटरमागे ५६ किलो, एका पोत्याहून अधिक सिमेंट वाचले, आणि औषध लागले एक टक्क्याने तीन किलोच्या आसपास. रिकामी झालेली जागा वाळू-खडीने भरायची. वाचकांनी दुकानातला आजचा भाव घालून दोन्ही बाजू स्वतः पडताळून पाहाव्यात. दुसरा मार्ग असा, की सिमेंट तेवढेच ठेवायचे आणि बचतीचा फायदा घराला द्यायचा. मग गुणोत्तर ०.४२ वर येते, घर अधिक टिकते. तिसरा मार्ग, पाणी आणि सिमेंट दोन्ही ठरल्याप्रमाणे ठेवून माल अधिक वाहता करायचा आणि फायदा मजुराच्या खांद्यांना द्यायचा. नफा एकच आहे, तो कोणाला वाटायचा हे आपण ठरवायचे. चौथा मार्ग आम्ही गेल्या वर्षी शोधला. औषधही घातले, पाणीही जास्त घातले, आणि नफ्याचा तोटा केला! औषध घेतले पण पथ्य पाळले नाही, असा तो प्रकार.

सिमेंट वाचण्याला आणखी एक अर्थ आहे. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू सिमेंटच्या निर्मितीतून येतो, आणि सिमेंट बनवण्यात चीनच्या खालोखाल आपलाच देश आहे. तेव्हा वाचलेले पोते फक्त घरमालकाचे वाचत नाही.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. औषध घातले की सगळे पाप धुतले जाते असे त्यांना वाटते. तेही खरे नाही. आय. एस. ४५६ ने सुपरप्लास्टिसायझरचे प्रमाण सर्वसाधारणपणे सिमेंटच्या दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवले आहे. जास्त झाले तर माल फुटतो आणि आवळायला उशीर होतो. वाळू मातकट असेल तर नव्या जातीचे औषध मातीच खाऊन टाकते आणि सिमेंटला काही उरत नाही. आपल्याकडच्या तांबड्या मातीच्या भागात हे विसरून चालणार नाही. आणि स्लॅबवर किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, पाणी मारायलाच हवे. गंमत पाहा, मालात घालायला आपल्याकडे भरपूर पाणी असते आणि स्लॅबवर मारायला मात्र नसते. राकसकोपचे पाणी आले नाही ही सबब तेव्हाच आठवते.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या या गावात पाट्यांवरच्या अक्षरांवरून किती बोलले गेले आहे, ते वाचकांना सांगायला नको. त्या प्रश्नाच्या बऱ्यावाईटात मी येथे शिरत नाही. पण एक गोष्ट मनाला लागते. दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा असावी यावर आपण हिरिरीने बोलतो, आणि ज्या कॅनवर घराची ताकद ठरते त्यावरच्या अक्षरांकडे आपले लक्षच नाही. त्या दिवशी साइटवर मराठी बोलणारे बाबा होते, कन्नड बोलणारे काका होते आणि दोन्ही बोलणारा मी होतो. आमच्यात भाषेची अडचण एका क्षणाचीही नव्हती. 'गवंडी' म्हणा की कन्नडमधला 'गौंडी', माणूस एकच. 'नीर' शब्द तर दोघांच्याही भाषेत आहे. अडचण होती ती कॅनची. तो तिसऱ्याच भाषेत बोलत होता आणि चाळीस वर्षांचा अनुभव असलेली दोन माणसे एका वीस वर्षांच्या पोराच्या तोंडाकडे पाहत होती. पातळ माल पाहून बाबांच्या कपाळाला आठी पडली होती, त्यांना धोका कळला होता. पण "इंग्रजीत लिहिले आहे, म्हणजे बरोबरच असेल," असे म्हणून ते गप्प बसले. इंग्रजी अक्षरांपुढे त्यांचा अनुभव गप्प बसला, याचे दुःख मला गळक्या स्लॅबपेक्षा जास्त आहे.

कोणी म्हणेल, इंजिनिअर असतो ना, गवंड्याने वाचायची गरज काय? मोठ्या कामांवर असतो. आमच्यासारख्या लहान कामांवर तो सळया मोजून जातो. माल ओतताना तिथे असतात ते गवंडी आणि मजूर. काँक्रीटचे मानक पुस्तकात आहे, पण त्याचा निर्णय मिक्सरच्या तोंडाशी, डबा हातात धरलेला माणूस घेतो. सूचना त्याच्या भाषेत नसेल तर ती सूचना नव्हे.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, औषध बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी कॅनवर मराठी आणि कन्नड दोन्हींत सूचना छापाव्यात, आणि त्या टक्क्यांत नव्हे तर पोत्याच्या मापात असाव्यात. पोत्याला औषध किती आणि पाणी किती, एवढेच. दुसरी, इंजिनिअरसाहेबांनी एकदा तरी स्लम्पचा साचा साइटवर आणून गवंड्याला हाताने करून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे. तिसरी आपल्यासाठी. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एखाद्या वर्षी बांधकामावरच्या लोकांबरोबर बसून पाण्याचे हे गणित का मांडू नये? वाणिज्यच्या मुलांनी हिशेब मांडावा, विज्ञानच्या मुलांनी कारण सांगावे.

मी आणि माझ्या वर्गातल्या एका कन्नड मित्राने सुरुवात केली आहे. एका पुठ्ठ्यावर डाव्या बाजूला मराठीत आणि उजव्या बाजूला कन्नडमध्ये पाच ओळी लिहिल्या. औषध मापूनच घाला. कोरड्या सिमेंटवर ओतू नका, बहुतेक पाणी घातल्यावर घाला. औषध घातले की पाणी कमी करा. वाळू ओली असेल तर आणखी कमी करा. शंका आली तर थांबा आणि विचारा. शेवटची ओळ बाबांसाठी आहे.

यंदा पावसाआधी बाबांनी वडगावात एक स्लॅब घेतला. पुठ्ठा मिक्सरला तारेने बांधला होता. काकांनी तो पाहिला, मान डोलावली आणि तरीही सवयीने मला विचारलेच, "नीर एष्ट, तम्मा?" मी म्हणालो, "दीड डबा." काकांनी बाबांकडे पाहिले. बाबांनी पहिला माल हातात घेतला, मूठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "चालूं दे." माल घट्टही नव्हता आणि ताकही नव्हता. बुट्ट्या नेहमीसारख्याच जात होत्या.

त्या रात्री वहीत मजुरी, खडी, वाळू, सिमेंट आणि औषध लिहून झाल्यावर मी खाली आणखी एक ओळ लिहिली. पाणी: पोत्याला दीड डबा. रकमेच्या रकान्यात काय लिहावे ते कळेना, म्हणून तो मोकळा ठेवला. पण नोंद आता आहे.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष